नागपुरात मल्टिपल स्क्लेरोसिसचे पेशंट नेमके किती असतील? कोणी मोजलंय का?

सायली_त्रिमूर्तीनगर

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या बहिणीला, वय २९, दिवाळीनंतर एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस निघाला (यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू-मणक्यातल्या मज्जातंतूंवरचं आवरण खराब करते). आधी एका डोळ्यानं धुरकट दिसायला लागलं, डोळा फिरवला की दुखायचा, ते आपोआप बरं झालं, मग काही महिन्यांनी कमरेखाली बधिरपणा आला आणि चालताना तोल जायला लागला. एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढून तपासलं, निदान पक्कं आहे, त्याबद्दल शंका नाही.

प्रश्न वेगळाच आहे. तिच्या सासरी कोणी मानायलाच तयार नाही. "हा गोऱ्या लोकांचा आजार आहे, आपल्याकडे होतच नाही, आख्ख्या खानदानात कोणी नाव नाही ऐकलं, डॉक्टरनं घाबरवून ठेवलं तुम्हाला." त्यात डॉक्टर पहिल्या भेटीत सहज बोलून गेले की भारतात हा कमी दिसतो, तर सासऱ्यांनी तेवढंच वाक्य धरून ठेवलं. आता ती बरी दिसते, चालते-फिरते, म्हणून औषध बंद करायचं म्हणून राहिले. मी काय आकडा सांगू त्यांना?

शोधलं तर जे सापडलं ते असं. जगात २८ लाखांवर पेशंट, म्हणजे लाखात साधारण ३६, हा २०२० च्या ॲटलास ऑफ एमएसचा, म्हणजे देशोदेशीच्या एमएस पेशंटच्या जागतिक अहवालाचा आकडा. भारतासाठी जुना आकडा लाखात १.३३, ऐंशीच्या दशकातला. आणि मंगळूर शहराचा एक अभ्यास २०१४ मध्ये छापून आला, त्यात लाखात ८.३५. नागपूरचं कुठेच काही नाही. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहर २४ लाख ५ हजार होतं. त्याला पहिल्या आकड्यानं गुणलं तर ८६० च्या वर पेशंट येतात, दुसऱ्यानं जेमतेम ३२ आणि मंगळूरच्या हिशेबानं २००. एका शहरासाठी ३२ पण आणि ८६० पण, कसं काय? आणि ३२ खरं असेल तर रामदासपेठेत ज्या दवाखान्यात आम्ही जातो तिथं बाकावर बसल्या बसल्या एमएसच्या इतक्या पेशंटशी ओळख कशी काय झाली? कोणाला माहीत असेल तर सांगा प्लीज.


भंडारा_टू_बर्डी

सायलीताई, बहिणीला आधी सांगा की ती एकटी नाही. मलाही एमएस आहे, चौतिसाव्या वर्षी कळला. पण सुरुवात त्याच्या कितीतरी आधी झाली होती. हातात मुंग्या यायच्या, मान खाली वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं व्हायचं, तर गावाकडे सांगितलं मानेचा मणका घासला, पट्टा लावा. पट्टा लावला, व्यायाम केले, कमी पण झालं (ते कमी होणारच होतं, या आजारात अटॅक येतो आणि बरेचदा ओसरतो). मग लघवीचा त्रास सुरू झाला तेव्हा कोणीतरी म्हटलं नागपूरला न्यूरोवाल्याला दाखव.

तर मला असं वाटते की माझ्यासारखे पट्टा लावून फिरणारे अजून किती असतील ते कोणालाच माहीत नाही, ते कुठल्याच आकड्यात नाहीत. मी स्वतः तितकी वर्षं आकड्यात नव्हतो ना.


जुनी_शुक्रवारी

आमच्या टायमाले हे काही नव्हतं बाप्पा. मी सदुसष्ट वर्षांचा आहे, नागपूरच्या महाल भागात जन्म गेला, लकवा पाहिला, मिरगी पाहिली, पोलिओ तर घरोघरी होता, पण हा स्क्लेरोसिस कोणाले झालेला नाही ऐकला. आता काहून निघून राहिला? मले तर वाटते हे सगळं बाहेरचं खाणं, रात्रभर जागणं आणि उन्हात न निघणं याच्यामुळं आहे. मुलीच्या सासऱ्याचं बोलणं अगदीच चुकीचं नसेल, त्यांनी पाहिलंच नसेल तर मानतील कसे. पण औषध बंद करू नका, ते डॉक्टरलेच ठरवू द्या.


पीएसएम_वाला

धागा बघून राहवलं नाही. मी न्यूरॉलॉजिस्ट नाही, समाजात कोणता आजार किती आणि कुणात आहे हे मोजणं हा आमच्या पीएसएम म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाचा विषय, म्हणून मोजण्याबद्दलच बोलतो. उपचाराचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

सायलीताई, ३२ आणि ८६० हे दोन्ही गुणाकार बरोबर आहेत, फक्त ज्या आकड्यांनी गुणलं ते वेगवेगळ्या पद्धतीनं आलेले आहेत. १.३३ आला त्या काळी भारतात एमआरआय जवळपास नव्हतंच, न्यूरॉलॉजिस्ट मोजके आणि तेही मोठ्या शहरांत. मोठ्या दवाखान्यात जे पोचले, ज्यांचा आजार तपासणीतच उघड दिसत होता, तेवढेच मोजले गेले. दवाखान्याच्या दारात मोजलं की घरी राहिलेले सुटतात. त्यामुळे त्या आकड्याला कमीत कमी इतके तरी होते एवढाच अर्थ आहे, त्याहून जास्त नाही.

मंगळूरचं काम वेगळं आहे म्हणून ते महत्त्वाचं. त्यांनी एका ठरलेल्या शहरी लोकसंख्येची हद्द धरली, त्या हद्दीत राहणारे पेशंट शोधले आणि खाली भागाकारात त्याच हद्दीची लोकसंख्या घेतली. वर जे मोजता ते आणि खाली ज्याने भागता ते एकाच जागेचं असलं पाहिजे, हा आमच्या विषयातला पहिला नियम आहे आणि सगळ्यात जास्त मोडला जाणाराही. तिथे लाखात ८.३५ निघाला. म्हणजे जुन्या आकड्याच्या सहापट, आणि मंगळूर विषुववृत्ताच्या आपल्यापेक्षा जवळ आहे, जिथे जुन्या पुस्तकांप्रमाणे हा आजार आणखी कमी हवा होता.

आता नागपूरची अडचण ऐका. आपल्याकडे धंतोली-रामदासपेठेत, सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटीमध्ये, मिहानच्या एम्समध्ये जे पेशंट येतात त्यातले कितीतरी नागपूरचे नसतातच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, शिवाय छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, अर्धा मध्य प्रदेश इथे येतो. तुम्हाला बाकावर जे भेटले त्यातले किती नागपूर महापालिका हद्दीत राहतात? त्यांना सगळ्यांना धरून २४ लाखांनी भागलं तर आकडा फुगेल. आणि उलट बाजूनं, आपले काही पेशंट मुंबई-हैदराबादला दाखवतात, ते इथल्या कुठल्याच फायलीत नाहीत. म्हणून तुमच्या ओळखीच्या संख्येवरून शहराचा दर काढता येत नाही, पण म्हणून तुमचा अनुभव खोटा ठरत नाही. आजार इथं आहे, नियमित दिसतो, इतकं त्यातून नक्की कळतं.

दुसरी गोष्ट, एखाद्या वेळी किती लोक आजारी आहेत हा एक आकडा आणि वर्षाला नवीन किती होतात हा दुसरा. जगाचा नवीन पेशंटचा दर वर्षाला लाखात २ च्या आसपास आहे, ऐकायला काहीच नाही. पण अंबाझरीत पाणी थोडं थोडं येत राहिलं आणि बाहेर जवळपास गेलंच नाही तर तलाव भरतो की नाही? एमएस तिशीच्या आसपास सुरू होतो आणि माणूस त्यानंतर अनेक दशकं जगतो, आयुष्य फार तर काही वर्षांनी कमी होतं. त्यामुळे नवीन कमी असूनही एकूण साठत जातात. औषधं चांगली झाली, लोक जास्त जगले, तरी हा आकडा वाढतोच. वाढला म्हणजे साथ आली असं नाही.


वर्धारोडवाला

डॉक्टरसाहेब, मग जगाचा आकडा पण असाच वाढला असेल ना, की खरंच आजार वाढून राहिलाय?


पीएसएम_वाला

दोन्ही असू शकतं, पण मोठा वाटा मोजण्याचा आहे. त्याच ॲटलासच्या २०१३ च्या आवृत्तीत २३ लाख होते, २०२० ला २८ लाख. ते स्वतःच म्हणतात की यात जास्त देशांनी चांगलं मोजलं, निदान लवकर झालं, पेशंट जास्त जगले आणि मुळात लोकसंख्या वाढली, हे सगळं आलं. निदानाचे नियमही बदलत गेले. २००१ पासूनचे मॅकडोनल्ड निकष, मग २००५, २०१०, २०१७ च्या सुधारणा. पूर्वी दोन वेगवेगळे अटॅक येईपर्यंत वाट बघावी लागे, आता पहिल्या अटॅकलाच एमआरआय आणि पाठीतल्या पाण्याच्या रिपोर्टवरून बरेचदा सांगता येतं. शहरात एमआरआय सेंटर वाढले की पेशंट वाढलेले दिसतात, गावात यंत्र नाही म्हणून गावात आजार नाही असं वाटतं. शहरी-ग्रामीण फरकातला किती हिस्सा खरा आणि किती यंत्राचा, हे मोजल्याशिवाय वेगळं काढता येत नाही.

जुनी शुक्रवारीवाले काका, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. तुम्ही पाहिलेल्या लकव्यांमधले एखाद-दोन तरुण बायकांचे असतील, अंगात आलं म्हणून गणेशपेठेत कुणाकडे तरी नेलं असेल, त्यांना नाव देणारं यंत्र तेव्हा नव्हतं. आजार म्हणून शार्को या फ्रेंच डॉक्टरनं पॅरिसमध्ये १८६८ मध्येच त्याचं नीट वर्णन करून ठेवलं होतं, फास्ट फूडच्या कितीतरी आधी.


जुनी_शुक्रवारी

हौ, हे पटलं. आमच्या वाड्यातच एक काकू होत्या, भर तारुण्यात पाय गेले, मग आले, मग पुन्हा गेले. करणी केली म्हणत सगळे. नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं. देव जाणे काय होतं त्यांना.

पण मग गोऱ्यांना जास्त काहून होतो ते तरी सांगा.


पीएसएम_वाला

जर्मनीत लाखात ३०० च्या वर आहे आणि एकूणच विषुववृत्तापासून दूर गेलं की दर वाढतो, हे खूप देशांत दिसलंय. कारण एकच नाही. जनुकं आहेत, सूर्यप्रकाश आणि ड जीवनसत्त्व आहे, सिगरेट आहे, लहानपणीचं जाडेपण आहे, आणि एपस्टाईन-बार नावाचा व्हायरस आहे. २०२२ मध्ये अमेरिकन सैन्यातल्या १ कोटीहून जास्त लोकांच्या साठवलेल्या रक्तावरून दिसलं की तो व्हायरस झाल्यानंतर एमएसचा धोका ३२ पट वाढतो. पण तो व्हायरस जगातल्या बहुतेक मोठ्या माणसांना झालेला असतो, तुम्हालाही मलाही, म्हणून तो एकटा पुरेसा नाही. आपल्याकडे तो बहुतेकांना अगदी लहानपणीच होऊन जातो, तिकडे बऱ्याच जणांना कॉलेजच्या वयात होतो आणि तेव्हा जास्त त्रास देतो. फरकाचं एक कारण तिथं असावं.

आणि फक्त गोऱ्यांचा म्हणाल तर मुंबईच्या पारशी लोकांचं उदाहरण बघा. तिथं १९८८ आणि १९९० च्या अभ्यासांत लाखात २१ ते २६ निघाला, त्याच शहरात, त्याच उन्हात, त्याच काळात जेव्हा बाकी भारताचा आकडा सव्वा-दीड सांगत होते. यात रक्ताचा भाग आहेच. पण अजून एक गोष्ट, पारशी समाज छोटा, शिकलेला, त्यांचे स्वतःचे दवाखाने, समाजाची मोजणी व्यवस्थित. म्हणजे जिथे नीट मोजलं तिथे सापडले. मला नागपूरबद्दल सगळ्यात जास्त हेच म्हणायचं आहे. विदर्भात सिकलसेल किती हे आज आपल्याला ठाऊक आहे ते गावोगाव रक्त तपासलं म्हणून. एमएससाठी तसं कोणी शोधायला निघालंच नाही आणि आपण म्हणतो नसतोच.


मेघा_फिजिओ_मानेवाडा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आकड्यांचं चाललंय ते ठीकच, पण नागपूरचा एक मुद्दा कोणी बोललं नाही. ऊन! एमएसच्या पेशंटचं अंग थोडं जरी तापलं, अर्धा डिग्री, तरी जुनी लक्षणं परत वर येतात, दिसणं अंधुक होतं, पाय जड पडतात. याला उथॉफ म्हणतात, त्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरनं १८९० मध्ये लिहून ठेवलं. एमआरआय नसताना तर पेशंटला गरम पाण्यात बसवून निदान करायचे. आणि आपण राहतो कुठं, तर जिथे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो.

दरवर्षी एप्रिल संपला की फोन सुरू होतात, मॅडम पुन्हा अटॅक आला वाटते, स्टिरॉइडचं सलाईन लावायचं का. बहुतेक वेळा तो नवा अटॅक नसतो, अंग थंड झालं की तासाभरात ओसरतो. लक्षणं २४ तासांहून जास्त टिकली, तापही नाही, लघवीचं इन्फेक्शनही नाही, तर मग डॉक्टरला लगेच सांगायचं. जागतिक एमएस दिवस ३० मे ला असतो, आपल्या ऐन नवतप्यात.


भंडारा_टू_बर्डी

मेघाताई एकदम बरोबर. माझ्यासाठी कूलर म्हणजे औषधच आहे. वाळ्याच्या ताट्या मार्चमध्येच बदलून घेतो, बँकेची-बाजाराची कामं सकाळी नऊच्या आत, दुपारी बाहेर पडायचंच झालं तर ओला दुपट्टा मानेभोवती. पण दमट असलं की कूलरचा उपयोग नाही, जूनमध्ये पाऊस लांबला की ते दिवस सगळ्यात वाईट जातात. लाईट गेली की संपलंच. ऑफिसात एसीची जागा मागितली तर साहेब म्हणे सगळ्यांनाच गरम होते. कसं सांगायचं की तुम्हाला घाम येतो आणि मला दिसणं बंद होतं.


सायली_त्रिमूर्तीनगर

बाप रे, हे तर आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. बहिणीचं सासर वरच्या मजल्यावर पत्र्याखाली आहे आणि स्वयंपाक दुपारी तिच्याकडेच. धन्यवाद, हे मी आजच सांगते.


वर्धारोडवाला

माझा एक प्रश्न. माझ्या आईचा डोकेदुखीसाठी एमआरआय केला, वय ५८, त्यात लिहिलंय पांढरे डाग आहेत, डिमायलिनेशन (मज्जातंतूंवरचं आवरण जाणं) असू शकते. म्हणजे एमएस का? नेटवर वाचून घरात सगळे घाबरून बसले आहेत.


पीएसएम_वाला

नुसत्या डागांवरून नाही. वाढतं वय, बीपी, शुगर, मायग्रेन यांतही पांढरे डाग दिसतात. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, तोवर काही ठरवू नका.

पण हा मुद्दा मोजणीसाठीही फार कामाचा आहे. आपल्याकडे एमएससारखे दिसणारे आजार बरेच आहेत. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता, त्यातही पाय बधिर होतात आणि तोल जातो. टीबीच्या गाठी, डोक्यातले कृमी. आणि एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) नावाचा, मुख्यतः डोळ्याच्या नसा आणि मणक्यावर येणारा जवळचा आजार, ज्याची ॲक्वापोरिन-४ ची रक्ततपासणी २००४ नंतर आली. त्याच्या आधीच्या याद्यांमध्ये एनएमओचे कितीतरी पेशंट एमएस म्हणूनच मोजले असतील. मंगळूरला दोन्ही वेगळे काढले, एनएमओ लाखात २.६ निघाला. हे वेगळं काढणं फक्त कागदासाठी नाही, एमएसची काही औषधं, उदाहरणार्थ इंटरफेरॉन, एनएमओत दिली तर तो बिघडतो. म्हणजे नीट मोजायचं तर सुटलेले आत घ्यायचे आणि चुकून आत आलेले बाहेर काढायचे, दोन्ही कामं एकदम.


रानजाई

मी खूप दिवसांनी काही लिहून राहिले, कारण सगळे मोजा मोजा म्हणून राहिले आणि मला भीती वाटते.

मी २५ ची आहे, मला एमएस आहे, घरच्या तिघांशिवाय कोणालाच माहीत नाही. लग्नाचं बघणं सुरू आहे. आई म्हणते सांगायचंच नाही, बाबा म्हणतात पत्रिका जुळल्यावर सांगू. इंजेक्शन फ्रीजमध्ये भाजीच्या डब्याच्या मागं ठेवते, पाहुणे आले की जीव धाकधूक होतो. मावशीला सांगितलंय शुगरचं आहे. आता उद्या कोणी यादी केली आणि त्यात माझं नाव, पत्ता, मोहल्ला आला तर? आमचा एरिया छोटा आहे, दोन घरं सोडून कोणाचा तरी जावई त्या लॅबमध्ये असतोच. तुम्ही आकडा म्हणता, पण माझ्यासाठी तो आकडा नाहीये, माझं पूर्ण पुढचं आयुष्य आहे ते. माझं नाव कुठल्याच यादीत नको.


मेघा_फिजिओ_मानेवाडा

रानजाई, लिहिलंस हे फार बरं केलंस गं. माझ्याकडे तुझ्यासारख्या मुली येतात, फीचं बिल दुसऱ्याच नावानं मागतात. जगात एमएसच्या पेशंटमध्ये दर तिघांतल्या दोन बाया आहेत, आणि आपल्याकडे बायांचाच आजार लपवला जातो, मग आपला आकडा कमी येणार नाही तर काय होईल.


पीएसएम_वाला

रानजाई, तुमची भीती रास्त आहे आणि तिला उत्तर दिल्याशिवाय कोणीही मोजायला निघू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

नीट केलेल्या अभ्यासात यादी कुठेच लागत नाही, छापून येते ती फक्त बेरीज. आधी एथिक्स कमिटीची परवानगी, मग प्रत्येक पेशंटची लेखी संमती, नावाच्या जागी क्रमांक, आणि तो क्रमांक कोणाचा हे कुलूपबंद एकाच ठिकाणी. वस्ती नाही, फक्त महापालिका हद्दीत राहता की बाहेर एवढंच. तुम्ही नाही म्हटलं तर नाही, त्यामुळे तुमच्या उपचारात कोणी फरक करू शकत नाही. आणि काही जण नाही म्हणणार हे धरूनच हिशेब करण्याची पद्धत आहे. न्यूरॉलॉजिस्टकडची यादी, एमआरआय सेंटरची यादी आणि फिजिओकडची यादी अशा दोन-तीन स्वतंत्र याद्या घेतल्या आणि त्यात किती जण सामायिक निघतात ते पाहिलं तर कुठल्याच यादीत नसलेल्यांचा अंदाज काढता येतो. सामायिक खूप निघाले तर बहुतेक सापडले, अगदी कमी निघाले तर बाहेर बरेच राहिलेत. म्हणजे तुमचं नाव न घेताही तुम्ही आहात हे गणितात धरता येतं.

देशपातळीवर आयसीएमआरच्या मदतीनं, दिल्लीच्या एम्सच्या पुढाकारानं २०२१ पासून एमएस आणि तशा आजारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली आहे. चांगली गोष्ट आहे, पण ती पुन्हा दवाखान्यात आलेल्यांची. त्यातून पेशंटची माहिती कळेल, शहराचा दर नाही कळणार. त्यासाठी कोणीतरी एका शहराची हद्द धरून बसायला लागेल आणि नागपूर त्याला चांगलं आहे, कारण न्यूरॉलॉजिस्ट बहुतेक दोन-तीन पेठांत दाटीनं बसलेले आहेत, सगळ्यांकडे जाणं शक्य आहे. मंगळूरपेक्षा मोठं शहर, मध्य भारतातलं, जिथून असा एकही आकडा नाही. पीजीच्या विद्यार्थ्याला थीसिससाठी विषय म्हणून मी हे परत परत सुचवतो, तीन वर्षांत होत नाही म्हणून कोणी घेत नाही. पण एका विद्यार्थ्याचं कामच नाहीये हे, दोन-तीन विभागांनी मिळून करायचं आहे.


रानजाई

क्रमांकच असेल आणि मला विचारूनच असेल तर मी हो म्हणेन बहुतेक. लग्नाचं काय करायचं ते कळत नाही पण.


भंडारा_टू_बर्डी

बहिणी, माझं लग्न झाल्यावर कळलं म्हणून मी सल्ला देण्याच्या जागेवर नाही, पण एक सांगतो, लपवून केलेल्या लग्नात इंजेक्शन चुकते. पाहुणे आहेत, प्रवास आहे, सासूसमोर फ्रीज कसा उघडू, करत करत डोस सुटतात, आणि डोस सुटले की अटॅक येऊ शकतो. जो ऐकून थांबेल त्याच्याशीच कर. असे असतात, माझी बायको कळल्यावरही थांबलीच ना.


सायली_त्रिमूर्तीनगर

रानजाई, माझ्या बहिणीच्या नवऱ्यालाही आधी काही कळत नव्हतं, पण तो तिच्यासोबत डॉक्टरकडे आत जाऊन बसायला लागल्यापासून बदलला. सासू-सासरे अजून नाही.

डॉक्टर, मी सासऱ्यांना आता असं सांगणार आहे, बरोबर आहे का बघा. नागपूरचा आकडा कोणी काढलेला नाही. पण दक्षिणेतल्या एका शहरात नीट मोजलं तर लाखात आठ निघाले, तो दर इथं लावला तर आपल्या शहरात कमीत कमी दोनशे घरं अशी आहेत. त्यातल्या बऱ्याच घरांत तिच्यासारखीच तिशीतली बाई आहे, बाहेरून धडधाकट दिसणारी. आणि ती धडधाकट दिसते म्हणजे आजार गेला असं नाही, आत तो चालूच राहतो.


पीएसएम_वाला

बरोबर आहे, फक्त "कमीत कमी" म्हणू नका, "त्या दराने साधारण दोनशे" म्हणा. नागपूरचा दर त्याहून जास्त असेल असं मला वाटतं, पण मोजल्याशिवाय म्हणणार नाही. २०११ नंतर शहर वाढलं आहे हेही सांगा.

औषधाबद्दल एवढंच, की निदान झालेल्या बहुतेकांना, म्हणजे ८५ टक्क्यांच्या आसपास, अटॅक येणं-ओसरणं असा प्रकार असतो आणि औषध हे पुढचे अटॅक टाळण्यासाठीच असतं. म्हणजे ती बरी असतानाच घ्यायचं. खर्चाची अडचण असेल तर डॉक्टरांशी उघड बोला, आता भारतात बनलेल्या स्वस्त गोळ्या आहेत, रिटुक्सिमॅबसारखं इंजेक्शनही बरेच डॉक्टर खर्च बघून वापरतात. पहिलं औषध १९९३ मध्ये अमेरिकेत आलं तेव्हाची आणि आताची परिस्थिती अजिबात सारखी नाही.


सायली_त्रिमूर्तीनगर

अजून एक, तिला बाळ हवं आहे. सासू म्हणते या आजारात मूल नकोच.


मेघा_फिजिओ_मानेवाडा

असं काही नाही. गरोदरपणात, खास करून शेवटच्या तीन महिन्यांत, अटॅक उलट कमी होतात. बाळंतपणानंतरचे पहिले तीन महिने मात्र वाढतात, तेव्हा घरात मदत हवी. पण कुठलं औषध केव्हा थांबवायचं हे बाळाचा विचार करायच्या आधीच न्यूरॉलॉजिस्टला विचारायचं, दिवस गेल्यावर नाही. काही गोळ्या महिनोनमहिने आधी बंद कराव्या लागतात.


वर्धारोडवाला

आईला दाखवून आलो, एमएस नाही म्हणाले, बीपीमुळे डाग आहेत, बीपीची गोळी वाढवली. सगळ्यांचे आभार. भंडारावाले दादा, ऑफिसातल्या एसीचं काही झालं का? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत आणि मल्टिपल स्क्लेरोसिस त्यात नावानिशी आहे, १९९५ च्या कायद्यात नव्हता. आमच्या ऑफिसातल्या एकाला त्यावरून बसायची जागा बदलून मिळाली.


भंडारा_टू_बर्डी

हे मला माहीतच नव्हतं. सर्टिफिकेट कुठं काढायचं? आणि मी तर चालतो-फिरतो, मला देतील का?


वर्धारोडवाला

सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज भरायचा, मग सरकारी दवाखान्याचा बोर्ड बोलावतो. ४० टक्के आणि त्यावर असलं तर बरेच फायदे लागू होतात. चालता येते म्हणून नाही म्हणतील असं समजू नका, नजर, हाताची पकड, लघवीचा त्रास सगळं सांगा. एमआरआयच्या फिल्म आणि सगळे जुने रिपोर्ट फाईलमध्ये लावून न्या, आणि न्यूरॉलॉजिस्टकडून उन्हानं लक्षणं वाढतात हे कागदावर लिहून घ्या, ऑफिसात तेच कामी येईल. अर्ज भरताना अडलं तर इथेच विचारा, मी आमच्या माणसाचा भरून दिला होता.